‘द बिग ट्रेल’ ते ‘स्टेजकोच’: मधली वर्षे ओसाड नव्हती

रीळसोबती (धागाकर्ता)

‘स्टेजकोच’ या चित्रपटावरील आपल्या लेखात मोहोर यांनी असे म्हटले आहे की, १९३० मध्ये ‘द बिग ट्रेल’ तिकीटबारीवर कोसळल्यापासून १९३९ मध्ये जॉन फोर्डने हात घालीपर्यंत वेस्टर्न हा काउबॉयपटांचा प्रकार मेल्यात जमा होता आणि मधल्या काळात जे निघाले ते ‘शनिवारी दुपारी पोरांना गप्प बसवण्यासाठी आठवड्याभरात उरकलेले भंगार’ होते. लेखाखालीच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु हेच मत मी इतक्या जाणत्या लोकांकडून ऐकले आहे की, त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बोलपट आला तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी सर्वांत आधी पाणी सोडले ते वेस्टर्नवर. काउबॉय नायक टॉम मिक्स १९२८ मध्ये फॉक्स स्टुडिओतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी एमजीएम स्टुडिओने आपल्या टिम मकॉय या काउबॉय नायकाला निरोप दिला. मोकळ्या माळरानावर, वाऱ्यात, टापांच्या आवाजात संवाद मुद्रित करता येणार नाहीत, असा बहुतेकांचा समज होता. १९२९ च्या प्रारंभी देशभर लागलेल्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’ने तो खोटा ठरवला आणि त्यातला नट वॉर्नर बॅक्स्टर याला त्यासाठी ऑस्करही मिळाले. मग दिग्दर्शक राउल वॉल्शने ‘द बिग ट्रेल’ हा ७० मिलिमीटरच्या ग्रँजर या रुंद पडद्याच्या पद्धतीने काढला. पण ध्वनियंत्रणेवर नुकतेच पैसे ओतलेल्या चित्रगृहांकडे मंदीच्या ऐन तोंडावर नवा रुंद पडदा घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे त्या रूपात तो जेमतेम एकदोन ठिकाणी दिसला. १९३१ च्या ‘सिमरॉन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळूनही आरकेओ स्टुडिओला त्याचा खर्च भरून काढता आला नाही. त्यानंतर कित्येक वर्षे मोठे स्टुडिओ महागड्या वेस्टर्नकडे फारसे फिरकले नाहीत.

अशा वेळी हा प्रकार चालू ठेवला तो हॉलिवुडच्या गोवर स्ट्रीटभोवतालच्या छोट्या कंपन्यांनी. मोनोग्राम आणि नॅट लेविनची मॅस्कॉट या त्यांतल्या ठळक. त्यांच्या जोडीला बक जोन्स आणि मकॉय या नायकांना हाताशी धरणारी, तेव्हा लहानच असलेली कोलंबिया. मोनोग्राममार्फत वितरित झालेल्या लोन स्टार या कंपनीच्या सोळा चित्रपटांना (१९३३ ते १९३५) मी या काळाचा कणा मानतो. पॉल माल्व्हर्नची निर्मिती, बहुतेकांचे दिग्दर्शन रॉबर्ट ब्रॅडबरीचे, छायाचित्रण आर्ची स्टाउटचे, घोडदौड आणि उड्या कसरतपटू याकिमा कॅनटच्या, आणि नायक जॉन वेन.

यांपैकी ‘रँडी राइड्स अलोन’ (१९३४, दिग्दर्शक हॅरी फ्रेझर) याची सुरुवात मोहोर यांनी पुन्हा पाहावी, अशी माझी विनंती आहे. एक स्वार रस्त्यालगतच्या मद्यगृहाकडे येतो. आतून पियानोचा आनंदी सूर ऐकू येत आहे. तो दार ढकलतो आणि आत सगळी माणसे मरून पडलेली आहेत. पियानो आपोआप वाजणारा आहे; गोळीबार करणारे निघून गेले, माणसे संपली, आणि यंत्र मात्र वाजतेच आहे. भिंतीवरच्या चित्राच्या डोळ्यांच्या जागी कोणाचे तरी खरे डोळे हलत आहेत. पार्श्वसंगीत नाही, स्पष्टीकरण नाही. ध्वनी येऊन जेमतेम पाच वर्षे झाली असताना, ध्वनी कोठून येतो हे उशिरा दाखवून प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणता येतो, हे या ‘भंगार’ काढणाऱ्यांना समजलेले होते.

आणि फोर्डने तरी हात घातला तो कशाला? वेन त्याला मिळाला तो रिपब्लिक या स्वस्त वेस्टर्न काढणाऱ्या कंपनीकडून उसना. ज्या पाठलागाचे मोहोर यांनी दोन परिच्छेद भरून कौतुक केले आहे, त्यातील घोड्यांच्या मधून आणि गाडीखालून जाणारी कसरत कॅनटची, आणि ती त्याने स्वस्त चित्रपटांतच घोटलेली होती. आर्ची स्टाउटने पुढे १९४८ मध्ये फोर्डचाच ‘फोर्ट अपाची’ टिपला आणि ‘द क्वाएट मॅन’साठी विंटन होकसह ऑस्कर मिळवले. ही माणसे त्या नऊ वर्षांत घडली. ज्या काळाने ‘स्टेजकोच’ शक्य केला, त्याला ओसाड म्हणणे हा अन्याय आहे.

मोहोर

माझ्या एका वाक्यावर आपण एवढा विचार केलात, याबद्दल आभार. तरीही मी ते वाक्य मागे घेत नाही.

आपल्या युक्तिवादातील मुख्य दोष असा की, आपण कारागिरांच्या चरित्रावरून कलाकृतीची किंमत ठरवत आहात. स्टाउट पुढे मोठा झाला म्हणून त्याचे १९३४ चे काम मोठे होत नाही. सोळा चित्रपटांतून आपण एक उत्तम सुरुवात काढून दाखवलीत. त्याच चित्रपटाचा उरलेला तासभर का नाही सांगितला? नायकावर खोटा आळ, गावातला प्रतिष्ठित गृहस्थ हाच टोळीचा म्होरक्या, डोंगरातली गुहा, शेवटी पाठलाग आणि मुलीशी लग्न. त्याच चित्रपटात जॉर्ज हेज हा नट मुका, कुबडा असल्याचे सोंग घेऊन गावात वावरतो आणि ते कोणालाही ओळखू येत नाही. मग पुढच्या चित्रपटात तेच नट, त्याच टेकड्या, तोच घोडा.

आणि उसनवारीचे काय? १९३२-३३ मध्ये वॉर्नर स्टुडिओसाठी निर्माता लिऑन श्लेसिंजरने वेनला घेऊन जे सहा वेस्टर्न काढले, त्यांत केन मेनार्ड या आधीच्या काउबॉय नायकाच्या मूकपटांतील मोठमोठी दृश्ये जशीच्या तशी चिकटवलेली आहेत, आणि ती जुळावीत म्हणून वेनला मेनार्डसारखा पोशाख घालून उभे केले आहे. नट दुसऱ्याच्या चित्रपटाला जुळावा म्हणून सजवला जातो, तिथे सर्जनशीलतेची भाषा मला पटत नाही. चित्रपटांची संख्या मोठी होती, हे मान्य. संख्या हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे.

तंबूवाला

मोहोर, आपण हे चित्रपट ज्या बाजारासाठी निघाले तो बाजारच विचारात घेत नाही. मंदीत चित्रगृहे ओस पडू लागली, तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत रूढ झाली. दुसरा चित्रपट तासाभराचा हवा आणि स्वस्त हवा. मोठ्या चित्रपटासाठी उत्पन्नाची टक्केवारी द्यावी लागे. हे चित्रपट मात्र ठरावीक भाड्याने मिळत. छोटे निर्माते आपले हक्क प्रांताप्रांतातील वितरकांना विकून टाकत. मिळकतीची कमाल मर्यादा आधीच ठरलेली, म्हणून खर्चाचीही ठरलेली. टेक्सासमधल्या एखाद्या तालुक्याच्या गावातील थिएटरवाल्यासाठी हा चित्रपट म्हणजे दिवाळखोरी आणि चालू धंदा यांच्यामधली भिंत होती.

माझे आजोबा विदर्भातील यात्रांमधून तंबूतला सिनेमा चालवीत. टक्केवारीवर मिळणारा गाजलेला चित्रपट ते क्वचितच घेत. ठरावीक भाड्याचा, मारामारीचा, जुना चित्रपट त्यांना परवडे आणि लोकही त्यालाच गर्दी करीत. एका शहरी समीक्षकाने त्यांना तोंडावर विचारले होते की, असला माल दाखवायला लाज कशी वाटत नाही. आजोबांनी ते शेवटपर्यंत मनात ठेवले. ‘भंगार’ हा शब्द वाचला की मला ते आठवतात.

मोहोर

आपल्या आजोबांविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु त्यांच्या दुःखाने लोन स्टारच्या ‘द लकी टेक्सन’ची पटकथा सुधारत नाही. एखादी गोष्ट गरजेची होती आणि ती चांगली होती, ही दोन वेगळी विधाने आहेत.

परळकर

स्वस्त चित्रपटांना हिणवण्याची ही वृत्ती फक्त अमेरिकेपुरती नाही. त्याच वर्षांत मुंबईत परळला जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया हे बंधू स्टंटपट काढत होते. ‘हंटरवाली’ १९३५ चा. नायिका नादिया, ‘पंजाब का बेटा’ हा घोडा, ‘रोल्स रॉइस की बेटी’ ही मोटार. या सर्वांवर मुंबईच्या गिरणगावापासून पंजाबपर्यंत लोकांनी जीव ओवाळून टाकला. आमच्याकडे मराठी माणसाने लिहिलेला चित्रपटांचा इतिहास उघडला की कोल्हापूर आणि पुण्याच्या ‘प्रभात’वर प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि वाडियांना एक परिच्छेद, तोही नाक मुरडून. ज्या ‘राजकमल’चे आपण गोडवे गातो, ती १९४२ मध्ये व्ही. शांतारामांनी उभी केली ती वाडियांच्याच स्टुडिओच्या जागेत. ते सांगतानाही वाडियांचे नाव गाळले जाते, याचा मला मनापासून संताप येतो.

मोहोर

परळकर, आपला संताप रास्त आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. इथे प्रश्न लोन स्टारचा आहे.

खूर_आणि_नाल

चर्चेत सगळे कॅनटचे नाव आदराने घेत आहेत, म्हणून एक गोष्ट मांडणे मला भाग आहे. मी पशुवैद्य आहे आणि माझी बरीच वर्षे घोड्यांच्या पायांवर उपचार करण्यात गेली आहेत.

या चित्रपटांत धावता घोडा एकाएकी तोंडावर कोसळतो, तो कसा, हे कोणी लिहिलेले नाही. ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची एक रचना असे. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पट्टे बांधून त्यांना जोडलेली तार पोटाखालच्या कडीतून ओवून घेत आणि तिचे दुसरे टोक दूर जमिनीत पुरलेल्या खुंट्याला बांधत. घोडा पूर्ण वेगात असताना तार संपे आणि त्याचे पुढचे पाय खालून ओढले जात. घोड्याला काहीही कल्पना नसे. स्वाराला नेमके कुठे पडायचे हे ठाऊक असे, त्याच्यासाठी माती भुसभुशीत केलेली असे. घोडा मात्र मानेवर, खांद्यावर, नाकावर जाई. स्नायुबंध तुटलेला घोडा कसा उभा राहतो, हे मी पाहिलेले आहे. तो आवाज करीत नाही. तिन्ही पायांवर थरथरत उभा राहतो आणि आपल्याकडे पाहत राहतो. ज्या कलेचे कौतुक चालू आहे, तिची किंमत कोणी मोजली हेही मांडले गेले पाहिजे.

रीळसोबती

‘रनिंग डब्ल्यू’ क्रूर होती, याविषयी दुमत नाही. परंतु तिचा दोष स्वस्त वेस्टर्नच्या माथी मारणे इतिहासाला धरून नाही. ज्या चित्रपटांमुळे अमेरिकेत लोक पेटून उठले ते कोणते होते? १९३६ चा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ हा वॉर्नरचा अतिशय खर्चिक चित्रपट. त्यात अनेक घोडे मेले. १९३९ चा ‘जेसी जेम्स’ हा फॉक्सचा रंगीत चित्रपट. त्यात कड्यावरून पाण्यात लोटलेल्या घोड्याच्या मृत्यूनंतर ओरड झाली आणि १९४० पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेला चित्रीकरणावर देखरेख करता येऊ लागली. दोन्ही उदाहरणे मोठ्या स्टुडिओंची आहेत. उलट मोहोर ज्या उसन्या दृश्यांना नावे ठेवतात, त्यांमुळे एकदा पडलेला घोडा पुन्हा पुन्हा पडद्यावर दिसला आणि दुसऱ्याला पाडावे लागले नाही. शिवाय आपल्या हातून घोडे जायबंदी झाले नाहीत, असे कॅनटने स्वतः सांगितले आहे.

खूर_आणि_नाल

ज्याने तार बांधली त्याचीच साक्ष आपण पुरावा म्हणून देत आहात! पायाला सूज आली, घोडा लंगडू लागला, तो भाड्याच्या तबेल्यात परत गेला, पुढच्या आठवड्यात तिथे काय झाले याची नोंद कोण ठेवणार? स्नायुबंधाची इजा त्याच दिवशी दिसतेच असे नाही.

आणि मोठ्या स्टुडिओंचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. त्यांच्या चित्रीकरणावर वृत्तपत्रांचा डोळा होता, म्हणून ते मृत्यू आपल्याला माहीत आहेत. पाचसहा दिवसांत चित्रपट संपवणाऱ्या कंपनीच्या चित्रीकरणाकडे कोण फिरकत होते? घोड्याला लगामाच्या खुणेवर आपणहून पडायला शिकवता येते. तसे शिकवलेले घोडे पुढे सर्रास वापरले गेले. त्याला महिने लागतात, धीर लागतो, पैसा लागतो. तार बांधायला एक सकाळ पुरते. जिथे वेळ आणि पैसा नाही तिथे तार येते, हे आपल्यासारख्या अभ्यासकाला दिसू नये याचे मला वाईट वाटते. आपण घोड्याला चित्रपटाच्या सामानात मोजत आहात.

रीळसोबती

हा आरोप मी स्वीकारत नाही. मी एका ऐतिहासिक प्रश्नाला ऐतिहासिक उत्तर दिले आणि आपण मला जनावरांचा वैरी ठरवून मोकळे झालात. मृत्यूची नोंद नाही, म्हणून मृत्यू झालाच असणार, हा तर्क कोणत्याही आरोपीविरुद्ध वापरता येईल.

तंबूवाला

कृपया दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. पण डॉक्टर, एक विचारतो. ‘स्टेजकोच’मध्ये घोडे कसे पडले?

खूर_आणि_नाल

त्याच तारेने. कॅलिफोर्नियातील ल्युसर्नच्या कोरड्या सरोवरावरच्या त्या पाठलागात अपाची जमातीच्या स्वारांचे घोडे ज्या रीतीने तोंडघशी जातात, ती ‘रनिंग डब्ल्यू’च आहे. म्हणून मोहोर यांच्या लेखाविषयीही माझी तीच तक्रार आहे. त्यांनी ‘त्या पाठलागातील प्रत्येक पतन कवितेसारखे आहे’ असे लिहिले आहे. ते पतन घोड्याचे आहे. मी तो लेख तिथेच वाचायचा थांबवला.

मोहोर

हे वाक्य मी लिहिले आहे आणि त्याची लाज वाटावी असे त्यात काही आहे, हे मी मान्य करणार नाही. पडद्यावरचा परिणाम आणि चित्रीकरणाची पद्धत यांचा विचार वेगळा करावा लागतो. नाहीतर आपल्याला जुन्या चित्रपटांपैकी एकही पाहता येणार नाही. मात्र तारेची माहिती लेखात असायला हवी होती, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो आणि ती टीप म्हणून जोडतो.

सिएराची_सावली

मी गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात राहतो आणि सुट्टी मिळाली की ३९५ क्रमांकाच्या रस्त्याने लोन पाइन या गावी, जिथे असे अनेक वेस्टर्न टिपले गेले, जातो. अलाबामा हिल्सच्या गोल, तांबूस खडकांमागे सिएरा नेवाडा पर्वताची बर्फाची भिंत सरळ वर गेलेली आहे. ते पाहिल्यावर मला या चित्रपटांविषयी एक गोष्ट उमगली. मोहोर ज्याला ‘त्याच टेकड्या’ म्हणतात, त्या टेकड्यांवर छायाचित्रकारांची इतकी पकड होती की, कोणत्या प्रहरी कोणत्या खडकाची सावली कुठे पडते हे त्यांना तोंडपाठ असावे. आर्ची स्टाउटच्या दृश्यांत पुष्कळदा स्वार क्षितिजावर असतो आणि पुढ्यातला खडक पूर्ण काळोखात. त्यासाठी दिव्यांवर एक पैसा खर्च झालेला नाही. पुढे जोसेफ लुइस नावाच्या दिग्दर्शकाने गाडीच्या चाकाच्या आऱ्यांमधून इतकी दृश्ये टिपली की, ‘वॅगन व्हील जो’ असेच त्याचे नाव पडले. तंग वेळापत्रकातही माणसाला चौकट सुचते, ती अशी.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. यांतले पुष्कळ चित्रपट हक्कांचे नूतनीकरण न झाल्यामुळे सार्वजनिक मालकीचे झाले आणि मग कोणीही उठून त्यांच्या वाटेल तशा प्रती विकू लागला. एका विक्रेत्याकडून मी मोठ्या हौसेने लोन स्टारचा संच मागवला. लावून पाहतो तर प्रत्येक दृश्याखाली सिंथेसायझरचा अखंड गोंगाट! या चित्रपटांत आरंभ आणि शेवट सोडला तर बहुधा संगीत नाहीच. खोगिराची करकर, टापा, दाराची कडी, दोन वाक्यांमधली शांतता, एवढाच त्यांचा ध्वनी. ‘रँडी’मध्ये तो पियानो भयंकर वाटतो, कारण त्याच्याभोवती दुसरे काहीही वाजत नाही. तिथे कोणी पन्नास वर्षांनी उपरे संगीत ओतले, तर दृश्यच मरते. लोकांनी या चित्रपटांना भंगार म्हणावे यात नवल नाही. त्यांच्यापुढे जे आले ते खरोखरच नासवलेले होते.

मोहोर

हा मुद्दा मला अनपेक्षित होता. मी लोन स्टारचे जे चित्रपट पाहिले, ते अशाच प्रतींवर पाहिले आहेत, रंग भरलेल्याही. मूळ ध्वनीची प्रत मिळाली तर ‘रँडी राइड्स अलोन’ची सुरुवात मी पुन्हा पाहीन. उरलेल्या तासाविषयीचे माझे मत त्याने बदलेल असे मला वाटत नाही.

तुंगभद्रा

कोणी अजून विचारलेले नाही, म्हणून मी विचारते. या चित्रपटांत माणसे कोण होती आणि कोण नव्हती? ‘द स्टार पॅकर’मध्ये (१९३४) कॅनट स्वतः रंग फासून नायकाचा आदिवासी सोबती झाला आहे आणि तोडकेमोडके इंग्रजी बोलतो. अशा दृश्यांपुढे मला पियानोचे कौतुक करवत नाही.

रीळसोबती

ते दृश्य मलाही पाहवत नाही. पण चित्र एवढेच नाही. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातील स्वस्त वेस्टर्नमध्ये मूळ रहिवाशांवर हल्ले तुलनेने कमी आहेत. खलनायक बहुधा गावातला कोट घातलेला माणूस असतो, म्हणजे सावकार, जमीनदार, वकील. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’मध्ये (१९३३) एक माणूस दरीतले पाणी अडवून शेतकऱ्यांना जमिनी विकायला भाग पाडू पाहतो आणि वॉशिंग्टनहून गुप्तपणे आलेला सरकारी माणूस त्याला हाणून पाडतो. ज्या वर्षी अमेरिकेत बँका बंद पडत होत्या आणि शेते लिलावात निघत होती, त्या वर्षी लहान गावांतील प्रेक्षकांना ही गोष्ट कोणाची वाटली असेल? मोहोर म्हणतात की गावातला प्रतिष्ठित गृहस्थ हाच नेहमी म्होरक्या निघतो. होय, आणि प्रेक्षक त्यासाठीच येत होते.

टिम मकॉयचा ‘एंड ऑफ द ट्रेल’ (१९३२, कोलंबिया) तर उघडपणे मूळ रहिवाशांची बाजू घेतो आणि गोऱ्यांनी मोडलेल्या करारांविषयी बोलतो. मकॉय वायोमिंगमध्ये राहिलेला होता, अरापाहो या मूळ रहिवासी जमातीशी त्याचा निकटचा संबंध होता. त्या दशकात असा चित्रपट काढण्याचे धाडस मोठ्या खर्चाच्या किती वेस्टर्नने केले?

तुंगभद्रा

एक चित्रपट सोळांच्या पापावर पांघरूण घालू शकत नाही. तरी मकॉयचे उदाहरण खरे आहे. मग त्याच्याबरोबर हर्ब जेफ्रीज या गाणाऱ्या काउबॉय नटाचेही नाव घ्या. १९३७ चा ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’ आणि १९३९ चा ‘द ब्रॉन्झ बकारू’ हे संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंच असलेले वेस्टर्न होते. कारण चित्रगृहेही वर्णानुसार विभागलेली होती, आणि काळ्या मुलांना आपल्यासारखा दिसणारा काउबॉय पाहायला मिळावा अशी जेफ्रीजची स्वतःची इच्छा होती. व्हिक्टरव्हिलजवळ एका कृष्णवर्णीय मालकाच्या रँचवर त्यांचे चित्रीकरण झाले. हे चित्रपट मोठ्या स्टुडिओत कधीच निघाले नसते. गाणाऱ्या काउगर्लचेही तेच: डोरोथी पेज या नटीला घेऊन ग्रँड नॅशनल या छोट्या कंपनीने तीन चित्रपट काढले आणि मालिका बंद पडली, पण तीन तरी निघाले. धागाकर्त्यांनी आपल्या लेखात वेनचे नाव वारंवार घेतले आणि या दोघांचे एकदाही नाही, याची मात्र मी नोंद करते.

मोहोर

जेफ्रीजचे उदाहरण या संपूर्ण धाग्यातील सर्वांत वजनदार आहे, असे मला वाटते. पियानो किंवा कॅनटच्या उड्या यांच्यापेक्षा ते मला अधिक पटते, कारण तिथे स्वस्तपणामुळे असे काही घडले जे महागात घडलेच नसते. ‘मेल्यात जमा’ हे शब्द मी लेखातून काढतो. ‘भंगार’ राहील, फक्त त्याआधी ‘बहुतांशी’ घालतो.

रीळसोबती

‘बहुतांशी’ला माझा विरोध आहे, पण तो मी लोन स्टारच्या प्रत्येक चित्रपटावर स्वतंत्रपणे लिहून मांडेन. सुरुवात ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’पासून. जेफ्रीजच्या चित्रपटांवर तुंगभद्रा यांनी लिहावे, माझ्यापेक्षा त्या अधिक चांगले लिहितील.

खूर_आणि_नाल

आणि त्या प्रत्येक लेखात, चित्रपटात घोडे कसे पाडले आहेत, हेही लिहाल का?

रीळसोबती

जिथे पडद्यावर ओळखता येईल तिथे लिहीन. तुम्ही ती दृश्ये माझ्याबरोबर पाहून तार कुठे आहे हे दाखवणार असाल, तर अधिक नेमके लिहिता येईल.

खूर_आणि_नाल

पाहीन. कॅनटविषयीचे माझे मत त्यामुळे बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.